बहिऱ्या मास्तरांचं खळं

मार्गशीर्ष लागला की आमच्या खालापूर तालुक्यात उन्हं वर येईपर्यंत धुकं हलत नाही. शाळेत येणारी पोरं आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. यंदा भात झकास आलं आहे, त्यामुळे पोरं ऐकूही कमी येतात. कुणी खळ्यावर राखणीला, कुणी भारे वाहायला, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी. मी हजेरी पुकारतो आणि निम्म्या नावांना उरलेली पोरं एका सुरात उत्तर देतात, "खळ्यावर गेला, गुरुजी!" खरं तर मला राग यायला हवा. शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब, ज्यांना इकडे सगळे दिपोटीसाहेब म्हणतात, त्यांची फेरी तोंडावर आली आहे. पण राग येत नाही. झोडणीचा धप्प धप्प आवाज धुक्यातून यायला लागला की मला माझी स्वतःची शाळा आठवते. ती खळ्यावरच भरत असे.

मी अडखळत बोलतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लिहिताना ते दिसत नाही. 'प', 'क' आणि 'त' हे माझे जुने वैरी. त्यांच्याशी माझा समेट झालेला नाही, फक्त एकमेकांची सवय झाली आहे. वर्गातली पोरं पाठीमागे माझी नक्कल करतात. परवा एकाला पकडलं. त्याला म्हटलं, "नक्कल करायची तर नीट कर. मी 'म'ला कधी अडत नाही." वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं 'प'वर अडून दाखवलं, अगदी हुबेहूब, आणि मी त्याला शाबासकी दिली. नवे हेडमास्तर दारातून पाहत होते. त्यांना हे काही रुचलं नाही.

माझं नाव पांडुरंग. नाव ठेवताना घरच्यांनी माझा विचार केला नाही. कळंबच्या अलीकडे आमचं गाव, मागे डोंगर, पुढे भातखाचरं. गावची शाळा लोकल बोर्डाची, मारुतीच्या देवळाला लागून. तिथं पाढे आणि कविता सगळ्यांनी मिळून म्हणायच्या, आणि त्या सुरात माझा आवाज सगळ्यात मोठा असे. सुरात मी कधीच अडलो नाही. पण "आता तू एकटा म्हण" असं मास्तर म्हणाले, की घशात कुणी दार लावून घ्यावं तसं होई. मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले, पाय जमिनीवर आपटतोय आणि शब्द आतच. मास्तरांना वाटे, पोरगा पाठ न करता सोंग करतोय. मग छडी. छडीनं 'प' सुटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

अडलेल्याला युक्त्या फार सुचतात. एक शब्द येत नसला की मी त्याच्या जागी दुसरा घालीत असे. 'पाणी' म्हणता येईना तर 'घसा सुकला' म्हणायचं. काकडी हवी असली आणि 'क' सुटेना, तर मुळा मागायचा. मुळा मला मुळीच आवडत नाही, तरी लहानपणी मी तो पुष्कळ खाल्ला आहे. तिसरीत असताना दिपोटीसाहेब आले आणि त्यांनी सगळ्यांना विचारलं तसं मलाही विचारलं, "नाव काय तुझं?" मी 'पां'वर तोंड उघडून उभा राहिलो. साहेब थांबले, मास्तर डोळे वटारू लागले, पोरं खुदखुदू लागली. घाबरून मी जे नाव तोंडून सहज निघत होतं ते सांगून मोकळा झालो. म्हणालो, "महादू." महादू माझा धाकटा भाऊ. तो पहिलीत होता आणि पुढच्याच रांगेत बसला होता. तो उठून म्हणाला, "म्हादू मी हाय!"

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कपाळाशी बोट नेऊन ते हळूच फिरवलं. ते बोट मी पाहिलं. नापास तर झालोच, वर 'स्वतःचं नाव ठाऊक नसलेला पोरगा' म्हणून पंचक्रोशीत माझी कीर्ती झाली. पाणवठ्यावरच्या बायका आईला विचारीत, "काय गं, तुझ्या थोरल्याला आता तरी नाव सांगितलंस का?" आई हसण्यावारी नेई आणि घरी आल्यावर हंडा जरा जोरात ठेवी.

माझा काका, तात्या, बाला म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाला, "दादा, ह्या पोराला डोकं नाय. उगा पाटी-पेनशिलीचा खर्च कशाला? डोंगराकडंच्या गोठ्यावर ठेव त्याला गुरांमागं. गुरांना काय नाव सांगाया लागत नाय."

बा फार बोलणारा माणूस नव्हता. "ह्या सुगीपातूर बघू," एवढंच तो म्हणाला. म्हणजे खळी आटोपली की माझं काय ते ठरणार होतं. मला गुरांचं भय नव्हतं, गुरं मला आवडत. भय होतं ते 'डोकं नाय' या दोन शब्दांचं. एकदा गोठ्यावर गेलो की ते शब्द कायमचे खरे ठरणार, आणि 'आहे' असं सांगायला माझ्यापाशी जीभच नाही. रात्री महादूशेजारी पडल्यावर मी मनातल्या मनात तात्याशी तासन्‌तास भांडत असे. मनात मी कधी अडत नसे.

आईनं तिच्या परीनं उपाय केला. कार्तिकात साजगावला विठोबाची जत्रा भरते. आजही भरते, आणि सुक्या मासळीचा वास अर्ध्या कोसावरून रस्ता दाखवतो. नवसाची माणसं तिथं देवापुढं बोंब मारतात. शिळफाट्याला माझी आत्या राही, तिच्याकडे उतरून आई मला देवळात घेऊन गेली आणि म्हणाली, "मार बोंब. जोरात मार. देव जीभ मोकळी करंल." मी तोंडावर हात नेऊन अशी बोंब ठोकली की पुढचा माणूस दचकून बाजूला झाला. बोंबेत 'प' नसतो. आईचे डोळे भरून आले. परतताना तिनं मला शेव-चुरमुरे घेऊन दिले, स्वतः एक दाणाही खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याकडे पाणी मागायला गेलो आणि 'पा'वर अडकून उभा राहिलो. आई चुलीशी बसून पाहत होती. तिनं मान फिरवली. तिची ती पाठमोरी मान मला अजून दिसते आणि अजून तितकंच वाईट वाटतं.

त्याच सुमारास गोविंद मास्तर आमच्या गावात बहिणीकडे राहायला आले. घाटाच्या पायथ्याला कुठल्याशा शाळेत ते पुष्कळ वर्षं शिकवीत होते. मग विषमज्वर झाला, त्यातून जीव वाचला पण कान गेले. पोरांची उत्तरं ऐकू येईनात तेव्हा नोकरीही गेली. गाव त्यांना 'बहिरे मास्तर' म्हणे, तोंडावरसुद्धा, कारण त्यांना ऐकू येत नसे. पण ओठ वाचून त्यांना बरंच कळत असणार असा मला संशय आहे. नोकरी सुटली तरी शिकवायची खाज सुटत नाही. गावात हिंडताना पोर दिसलं की ते धरून त्याला काहीतरी विचारीत.

एके दिवशी बहिणीच्या म्हशीसाठी पेंढा मागायला ते आमच्या खळ्यावर आले. मी एकटाच राखणीला होतो. त्यांनी माझ्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "नाव काय रे तुझं?" झालं. मी 'पां'वर अडलो. त्यांनी कानामागं हात धरला, नजर माझ्या तोंडावर ठेवली आणि नुसते वाट पाहत बसले. चेहऱ्यावर ना राग, ना कीव. शेवटी एकदाचं 'पांडुरंग' बाहेर पडलं. घाम आला मला. त्यावर मास्तर म्हणतात, "ऐकू आलं नाही. परत म्हण."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. तरी परत म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "पांडुरंग! छान नाव. मोठ्यानं बोलत जा, मी बहिरा आहे." तेवढ्यात बा आला. त्यालाही मास्तरांनी सगळं दोनदा बोलायला लावलं. पेंढ्याचा व्यवहार दोनदा, पावसापाण्याच्या गोष्टी दोनदा. मी पाहतच राहिलो. माझ्या बाला, अख्खं गाव ज्याला मानतं त्या माणसाला, एक वाक्य धड पोचवता येत नव्हतं!

जाताना मास्तर म्हणाले, "याला माझ्याकडं पाठवा शिकायला."

बा ओरडून म्हणाला, "खळ्याची राखन कोन करील?"

"मग मीच खळ्यावर येतो," मास्तर म्हणाले.

अशी ती शाळा सुरू झाली. नाव नाही, घंटा नाही, भिंतीसुद्धा नाहीत. सारवलेलं खळं, एका अंगाला भाताच्या भाऱ्यांची उडवी, तिच्या सावलीत मास्तर. पाट्यांऐवजी त्यांनी फोलपटं पसरली आणि त्यांत बोटानं अक्षरं काढायला लावली. चुकलं तर तळहात फिरवायचा, चूक नाहीशी. गावाला करमणुकीचा विषय झाला. तात्या पारावर सांगे, "बहिरा शिकिवतोय आन्‌ मुका शिकतोय. आता आंधळा आला का परीक्षा घ्यायची." पार हसे. मीही आज हसतो, विनोद तसा बरा होता.

हळूहळू आणखी दोघं आली. यमी आमच्या शेजारची. ती डाव्या हातानं लिही, म्हणून शाळेत तिचा तो हात पाटीखाली दाबून ठेवीत. उजव्यानं येईना, डाव्यानं चालेना, तिनं शाळाच सोडली. मास्तरांनी तिचं अक्षर फोलपटांत पाहिलं आणि विचारलं, "डाव्या हातानं लावलेलं रोप उलटं उगवतं का गं?" यमी म्हणाली, "नाय जी." "मग लिही." एवढ्यावर तो प्रश्न मिटला. दुसरा बुध्या, वरच्या ठाकरवाडीचा. त्याची बोली वेगळी, तिला शाळेत पोरं हसत आणि मास्तर 'नीट बोल' म्हणून छडी उगारीत, म्हणून तो डोंगरावरून खाली उतरेनासा झाला होता. गोविंद मास्तरांना त्याची बोली वेगळी आहे हे कळलंच नाही. त्यांना ती ऐकूच येत नव्हती. ते त्याचंही तोंड पाहत आणि त्यालाही म्हणत, "परत म्हण."

आणि इथं माझ्या जन्मातली मोठी गोष्ट घडली. या शाळेत सगळ्यांनाच सगळं परत म्हणावं लागे. यमीला, बुध्याला, खळ्यावर आलेल्या बाला, आईला, अगदी तात्यालाही. मास्तरांच्या लेखी सगळं जगच तोतरं होतं. मी एक शब्द तीनदा म्हटला काय आणि यमीनं तीनदा म्हटला काय, दोन्ही सारखंच. लाज वाटायला दुसरं कुणीतरी सरळ बोलणारं लागतं, आणि तसं तिथं कुणी नव्हतंच. पहिल्या काही दिवसांतच मी इतका बोललो, जितका त्याआधी वर्षभरात बोललो नसेन. अडखळत, ठेचा खात, पण बोललो. घरी येऊन मी महादूला उगीचच गोष्टी सांगू लागलो. तो कंटाळून झोपे आणि मला त्याचाही आनंद होई.

आमचे हे नवे हेडमास्तर परवा म्हणाले, "तुमच्या वर्गातली ती चार ढ पोरं यंदा साहेबांपुढं उभीच करू नका. निकाल खाली येतो." माणूस वाईट नाही. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. मी म्हटलं, "उ-उभी करू." एवढंच म्हणायला मला इतका वेळ लागला की मधल्या वेळात त्यांचा विचार बदलतोय की काय असं वाटलं. अडखळण्याचा हा एक फायदा आहे, समोरच्याला विचार करायला सवड मिळते.

त्या खळ्याचे वास मला अजून वेगवेगळे ओळखता येतात. ओल्या सारवणाचा, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा, झोडणीच्या धुरळ्याचा. धुरळा अंगाला लागला की खाज सुटे आणि संध्याकाळी आई गरम पाण्यानं अंग चोळी. दुपारी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. मास्तरांना चटणी सोसत नसे, पण ते 'आणखी' म्हणत आणि डोळ्यांतलं पाणी पुसत. बुध्या वाडीवरून येताना रानातली कंदमुळं भाजून आणी. ती खाता खाता तो झाडांची नावं सांगे आणि मास्तर ती फोलपटांत लिहून दाखवीत. आपल्या झाडाचं नाव लिहिता येतं याचं बुध्याला इतकं नवल वाटे, की तो ते पुसूच देत नसे. बैल मळणीला फिरायचे तेव्हा त्यांच्या पायाखाली आमचे धडे तुडवले जात. कोळंबा जातीच्या त्या भातात माझी बाराखडी मिसळलेली असणार.

मग रास मोजायचा दिवस आला. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाऱ्यावर उपणून भाताची रास लागली की तिची पूजा होते, नारळ फुटतो आणि मग एकजण पायलीनं भात मापतो, दुसरा शेजारी उभा राहून मापाची हाक देतो. पायली कणगीत रिकामी होईतो तोच आकडा तालात पुन्हा पुन्हा म्हणायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. पहिल्या पायलीला मात्र 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. हाक घरच्याच माणसाची लागते आणि ती मध्येच तुटता कामा नये. तुटली तर राशीची बरकत गेली असं आमच्याकडे मानतात. तोवर खळ्यावर दुसरं कुणी चकार शब्द काढीत नाही.

आमच्याकडे हाक तात्याची असे. पण झोडणीचा धुरळा आणि थंडी, त्याचा घसा साफ बसला. बा मापायला. महादूला विसाच्या पुढं येईना. आई म्हणाली, उद्या मोजू. पण पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं आणि उघड्यावरच्या राशीवर अवकाळी पाऊस म्हणजे वर्षाची माती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असताना गोविंद मास्तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हा म्हणेल."

तात्या जिवाच्या आकांतानं कुजबुजला, "आन्‌ अडला तर?"

"ऐकू आलं नाही. परत म्हणा," मास्तर म्हणाले. तात्याला परत म्हणवेना. बानं माझ्याकडे पाहिलं, राशीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग पायली उचलली.

घरात वर्षभर जे शिजणार ते सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. पायली भरली आणि मी सूर लावला, "ला-भ, ला-भ, ला-भ..." सूर लागला आणि दार उघडलं. दोन, तीन, चार. 'पाच' जवळ येताना मला दिसत होता. आईनं पदर तोंडात धरला होता. मास्तर मला दिसतील असे समोर उभे राहून मानेनं ताल देत होते, नजर माझ्या ओठांवर. 'चार'च्या तालावरूनच मी 'पाच'वर गेलो आणि तो घसरत बाहेर आला, जसा काही तो कधी वैरी नव्हताच. मग मला काही थांबवेना. रास संपली, कणगी भरली, पहिले टपोरे थेंब पेंढ्यावर पडले तरी मी म्हणतच होतो. बा म्हणाला, "बास रं, झालं. पानी पी." आई ओक्साबोक्शी रडत होती आणि यमी टाळ्या वाजवीत होती.

पण तात्याचा घसा बरा झाल्यावर त्यानं निकाल दिला. "गातोय खरा. बोलत नाय. कोकीळबी गातो, त्याला काय डोकं असतंय?" मला ते फार लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. मी दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं की मी आता सगळं गाऊनच म्हणणार. मास्तर म्हणाले, "आयुष्यभर गाऊन बोलशील? भाजी आणायला गेलास तरी?" मग गंभीर होऊन म्हणाले, "अडखळ. खुशाल अडखळ. पण शब्द बदलू नकोस. तुला काकडी हवी असेल तर काकडीच माग. वाट बघतील लोक. नाही बघितली तर त्यांचं नुकसान." मुळ्याची गोष्ट त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. महादूनंच सांगितली असावी.

पौषात दिपोटीसाहेबांची फेरी नेरळच्या वाटेवरच्या एका मोठ्या गावी होती. मास्तरांनी जुन्या ओळखीवर तिथल्या हेडमास्तरांना विचारून ठेवलं होतं, आमची तिघं बाहेरची म्हणून परीक्षेला बसतील. बाला भात भरडायला नेरळच्या गिरणीवर जायचंच होतं. पोत्यांवर आम्ही तिघं, पुढं बा आणि मास्तर, अशी गाडी निघाली. वाटेत बानं एकदाच मागं वळून मला सांगितलं, "हितं झालं तर झालं. न्हायतर तात्या म्हनतोय तसं." मी मान हलवली. मला सगळं ठाऊक होतं.

यमीनं साहेबांसमोर डाव्या हातानं शुद्धलेखन लिहिलं, एकही चूक नाही. साहेबांनी हाताकडे एकवार पाहिलं आणि पुढं गेले. बुध्यानं वाचलं. मग मी. "नाव?" साहेबांनी विचारलं.

'महादू' माझ्या ओठांवर तयार होतं. खरं सांगतो, तयार होतं. मी ते गिळलं. "पां... पां..." डोळे मिटले, पाय आपटू लागला, मागं कुणीतरी फिसकन हसलं. दाराशी गोविंद मास्तर कानामागं हात धरून उभे होते, मिटल्या डोळ्यांनीही मला ते ठाऊक होतं. "पां-पांडुरंग." साहेबांनी लिहून घेतलं. माझ्याविषयी कुणी काही कानात सांगितलं असावं, कारण त्यांनी अगदी पहिलीच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "अंक म्हणून दाखव बरं."

अंक! मला हायसं वाटलं. अंक तर मी पोत्यांनी म्हटले होते. छाती भरून मी खळ्यावरचा सूर लावला, "लाभ, दोन, तीन..."

अख्खा वर्ग फुटला. तिथले मास्तरसुद्धा हसले. सूर तुटला तो तुटलाच. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "एक का नाही म्हणालास?"

आता गाऊन भागण्यासारखं नव्हतं. याचं उत्तर कोणत्या पाढ्यात नव्हतं, कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. हसण्यावारी नेऊन 'एक, दोन' म्हणता आलं असतं. पण 'एक' मला म्हणायचाच नव्हता. मी बोलायला लागलो. "घ-घरात भात येताना, सायेब, प-पयल्या पा... पायलीला... येक म्हनत नाय. ला-लाभ म्हनतात." दोन वाक्यांत मी घामानं भिजलो. साहेब थांबले होते. "का म्हणून?" त्यांनी विचारलं. "येक म्हनलं का... का... का ते सं-संपाया लागतं. लाभ म्हनलं का य-येत ऱ्हातं." एवढं मोठं वाक्य मी परक्या माणसापुढं जन्मात कधी बोललो नव्हतो. ते संपेपर्यंत बाहेरच्या चिंचेवर कावळे किती वेळ ओरडत होते, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. कुणी हसलं नाही.

साहेबांच्या मिशीखाली हसू होतं. "माझे वडीलही असंच मोजायचे," ते म्हणाले. "तू सांगतोस का, ते मला पाहायचं होतं. बस खाली, पांडुरंग."

नेरळकडे जाताना बा गाडी हाकत होता. तो परीक्षेला आत आला नव्हता, बैलांपाशीच थांबला होता. मास्तर त्याच्या शेजारी बसून डुलक्या घेत होते. यमी आणि बुध्या पोत्यांवर आम्ही तिघंही पास झाल्याच्या आनंदात भांडत होती. बानं मागं न पाहता विचारलं, "काय इचारलं रं सायबानं?"

मी सांगायला सुरुवात केली. घरात माझी वाक्यं नेहमी दुसराच कुणी पुरी करी. माया होती ती, मला त्रास नको म्हणून करीत. बा तर माझ्या तोंडातून पहिलं अक्षर निघताच पुढचं स्वतः म्हणून टाकी आणि कामाला लागे. आताही मी 'पायली'च्या 'पा'वर अडलो. बा वळला. शब्द त्याच्या ओठांशी आला होता, मला दिसला. बैल आपल्या चालीनं चालले होते, समोर नेरळच्या आगगाडीचा धूर डोंगराला लागून चढत होता. बानं कासरे सैल सोडले, तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहत वाट बघत राहिला.